जुनी वाइन द्राक्षबाग : पोटॅश आणि उशिराचं गंधक, दोन्हींना आवर घाला

फळछाटणी (घड धरण्यासाठीची, पावसाळ्यानंतरची छाटणी) तोंडावर आहे आणि नाशिकच्या दिंडोरी, निफाड भागातून वाइन द्राक्षांचे प्रश्न येत आहेत. बहुतेक बागा राज्याच्या २००१ च्या वाइन धोरणानंतर लावलेल्या, म्हणजे आता पंधरा-वीस वर्षांच्या झालेल्या. त्यातले नेहमीचे प्रश्न घेतो.

प्रश्न : अठरा वर्षांची शेनिन ब्लाँ (पांढऱ्या वाइनची जात) आहे. वायनरी 'नॅचरल' वाइनसाठी माल मागते. बाहेरचं यीस्ट टाकणार नाही, सल्फाइट (वाइन टिकवणारं द्रव्य) नावापुरतं वापरणार म्हणते. साखर भरण्यासाठी दुकानदाराने ०:०:५० या पोटॅशच्या खताचे पाच हप्ते लिहून दिलेत. द्यावेत का?

देऊ नका. देठ परीक्षणाचा (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासण्याचा) अहवाल हातात नसेल तर एकही हप्ता देऊ नका. हा कार्यक्रम टेबल, म्हणजे खायच्या द्राक्षाचा आहे, दुकानदाराने तोच तुमच्या माथी मारला. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यावर घातलेला जास्तीचा पोटॅश रसातल्या टार्टारिक आम्लाला धरून खाली बसतो आणि सामू (पीएच) वर चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो. नेहमीच्या वाइनमध्ये आम्ल घालून हे सावरून घेतात. इथे तीच सोय नको म्हणून तुमचा माल मागितलाय. ३.४ सामूला जेवढं मोकळं सल्फाइट पुरतं, त्याच्या अडीचपट ३.८ ला लागतं. सल्फाइट घालायचंच नसेल तर चढलेल्या सामूची वाइन उन्हाळाभर टिकवणं अवघड. पुढच्या वर्षी माल परत आला की दुकानदार तुमच्या शेजारी उभा राहणार नाही.

'ज्वालामुखीच्या जमिनीवरची वाइन' म्हणून ग्रीसच्या सँटोरिनी बेटाचा दाखला आपल्याकडे कुणीही देतो. तिथली जमीन राख आणि प्युमिसची, चिकणमाती नगण्य, पोटॅश कमी. म्हणूनच तिथल्या वाइनचा सामू खाली राहतो. आपला दगडही ज्वालामुखीचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पण आपल्याकडे तो कुजून काळी, फुगणारी माती झाली आहे, त्यात चुनखडी, आणि पोटॅश बहुतेक ठिकाणी भरपूर. त्यात आपल्या कलमांखालचा डॉगरिज खुंट पोटॅश ओढणारा. म्हणजे तिथे मुळात कमी असलेली गोष्ट आपण भरलेल्या जमिनीत पैसे देऊन ओततो आहोत. नवीन लावण करणारे असाल तर वाइनसाठी ११०-आर खुंटाचा विचार करा. उभी बाग मात्र मोडू नका. मातीखालच्या मुरमात फटीफटीतून खाली गेलेली जुन्या वेलींची मुळं पाण्याचा ताण नव्या बागेपेक्षा चांगला सोसतात.

देठ परीक्षण दोनदा : एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ४५ दिवसांनी पाचव्या पानाचं देठ, आणि फळछाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचं. पान टाकायचं, देठ ठेवायचं. याचा खर्च एका ०:०:५० च्या गोणीपेक्षा कमी येतो, तरी गोणी घेणारे दहा भेटतात आणि देठ पाठवणारा एखादाच.

जीए, सीपीपीयू या मणी फुगवणाऱ्या संजीवकांनाही हेच उत्तर. वाइनला मणी लहान हवा, सालीचं प्रमाण जास्त हवं. मणी फुगवून वजन मिळेल, भाव जाईल.

प्रश्न : जानेवारीत भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) येते. काढणीला तीन आठवडे असताना गंधक मारलं तर चालेल का? सेंद्रियलाही गंधक चालतं असं दुकानदार म्हणतो.

सेंद्रियला चालतं, तुमच्या टाकीला चालत नाही. सालीवर राहिलेलं गंधक आंबताना कुजलेल्या अंड्याचा वास देतं. पाण्यात मिसळणारं गंधक काढणीच्या पाच-सहा आठवडे आधी बंद. ताम्राचंही तसंच, रसात तांबं उतरलं तर यीस्ट मंदावतं, आणि बाहेरचं यीस्ट नसताना आंबवण अर्ध्यात अडकली तर ती टाकी व्हिनेगरच्या वाटेला लागते. बोर्डो हवंच असेल तर छाटणीनंतर लगेच. एक टक्क्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. तयार द्रावणात घासून लखलखीत केलेला लोखंडी विळा मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडला, आणखी घाला. कागदावरचं प्रमाण बरोबर असलं तरी जुना, हवा लागलेला चुना दगा देतो.

शेवटच्या महिन्यात भुरीवर अॅम्पेलोमायसिस ही भुरीला खाणारी मित्रबुरशी वापरा, आणि त्याहीआधी घडाजवळची पानं काढून हवा खेळू द्या. सकाळच्या उन्हाच्या बाजूची काढा, दुपारच्या बाजूची ठेवा. 'डबल डोस मारा, एकदाच काम होईल' हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. डबल डोसने भुरी जाते, साल करपते, आणि अवशेषाच्या तपासणीत गाडी परत फिरते.

प्रश्न : जुने ओलांडे (खोडापासून तारेवर नेलेल्या आडव्या फांद्या) मधेमधे वाळलेत, डोळे फुटत नाहीत. पेस्टिंगची, म्हणजे डोळे फोडायला काडीवर लावायच्या हायड्रोजन सायनामाइडची, मात्रा वाढवू का?

वाळलेल्या लाकडातून हायड्रोजन सायनामाइडने डोळा फुटत नाही. मात्रा वाढवलीत तर जिवंत डोळेही जळतील. लेबलवरचीच मात्रा, छाटणीनंतर लगेच. आणि हे पक्कं लक्षात ठेवा : पेस्टिंग करणाऱ्या माणसाने आदल्या दिवसापासून पुढचे काही दिवस दारू, वाइन, काहीही घेऊ नये. हे औषध शरीरात दारू पचू देत नाही. तोंड लालभडक होतं, छाती धडधडते, दम लागतो, माणूस दवाखान्यात जातो. मजुरांना हे दुकानदार सांगत नाही, तुम्हीच सांगा. हातमोजे द्या.

वाळक्या ओलांड्याचा इलाज एप्रिलच्या खरड छाटणीत : जिवंत लाकडापर्यंत कापा, खोडाजवळची जोमदार काडी धरून नवीन ओलांडा तयार करा, कापावर बोर्डो पेस्ट. एका वर्षी सगळे नको, थोडे थोडे. खोडाची सुटी साल काढून जाळा. सालीखाली पिठ्या ढेकूण ही कीड बसलेली सापडते.

प्रश्न : घरीच शंभर लिटर करून विकली तर?

राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय नाही. 'नॅचरल' म्हटल्याने दारूबंदी कायदा लागू व्हायचा राहत नाही.

ठिबक बदलायचं असेल तर अर्ज राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर. केंद्राचं अनुदान अल्प-अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५, राज्याच्या पूरक रकमेसह ८० आणि ७५ पर्यंत. पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नका, बिल धरलं जात नाही. बाकी कागद सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा.

एप्रिलच्या छाटणीनंतर दोन ओळींच्या मधल्या जागेत ताग टाका, फुलावर येण्याआधी कापून बोदावर (वेलीच्या बुडाच्या वरंब्यावर) अंथरा. मुरमाड जमिनीत ओल धरायला आणि नत्र सावकाश द्यायला याच्याइतकं स्वस्त काही नाही. पण फळछाटणीनंतर युरिया सोडू नका. पानांचं रान वाढतं, शेनिनचा घड आधीच गच्च, आत ओल राहून सडतो. अवकाळी पाऊस झाला तर क्रेट भरताना तडकलेले मणी बांधावरच काढून टाका, वायनरीच्या दारात नाही.