कोबाल्टसमोरून गेलेली हळद

प्रश्न : परदेशी ग्राहकानं आमच्या हळद पावडरीला विकिरण करून घेण्याची अट घातली आहे. कोबाल्टजवळून गेलेला माल स्वतःच किरणोत्सारी होत नाही का? पोती उचलणाऱ्या हमालांना धोका नाही ना? (हळद व्यापारी, सांगली)

उत्तर : माल किरणोत्सारी होत नाही आणि हमालांनाही धोका नाही. विकिरणासाठी वापरतात त्या किरणोत्सारी कोबाल्ट-60चं केंद्रक बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) टाकून निकेल-60 होतं आणि लगेच 1.17 व 1.33 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट (केंद्रकीय ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचे दोन गॅमा किरण सोडतं. कोबाल्ट स्टीलच्या नळीत बंद असतो, बीटा कण त्या नळीतच अडतात. हळदीपर्यंत पोचतात ते गॅमा. ते अणूंवरचे इलेक्ट्रॉन उडवतात, त्यातून रासायनिक बंध तुटतात, जंतूंचा डीएनए तुटतो आणि जंतू मरतात.

हळद किरणोत्सारी व्हायची तर तिच्यातल्या केंद्रकांमधून न्यूट्रॉन किंवा प्रोटॉन उपटावे लागतील. त्यांना धरून ठेवणारं केंद्रकीय बल दोन-तीन फेम्टोमीटरच्या (एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा लाख कोटीवा भाग) पुढे जवळपास उरत नाही, पण तेवढ्या अंतरात भलतंच जबर असतं. कार्बन-12मधून एक न्यूट्रॉन काढायला 18.7 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, ऑक्सिजन-16मधून 15.7. बेरिलियमचा न्यूट्रॉन फारच सैल, तरी त्यालाही 1.67 लागतात. आपल्याकडे आहेत फक्त 1.33. गॅमा किरण मालात साठूनही राहत नाहीत. खुद्द कोबाल्ट किरणोत्सारी झाला तो अणुभट्टीत, कोबाल्ट-59नं न्यूट्रॉन गिळल्यामुळे, आणि विकिरण केंद्रात न्यूट्रॉनचा मारा नसतो. काळजी घ्यायची ती नळी गळून कोबाल्ट बाहेर येऊ नये याची. म्हणून नळ्या दुहेरी सीलबंद असतात आणि त्या ज्या हौदात बुडवून ठेवतात त्याचं पाणी नियमित तपासतात.

गंमत म्हणजे हळद मुळातच किंचित किरणोत्सारी आहे. किलोभर हळदीत साधारण 20 ग्रॅम पोटॅशियम असतं. त्यातल्या पोटॅशियम-40ची सुमारे 600 केंद्रकं दर सेकंदाला फुटतात, विकिरणाआधीही आणि नंतरही तेवढीच.

आता कामाचं. मसाल्यांना साधारण 10 किलोग्रे मात्रा देतात, म्हणजे किलोमागे 10 हजार जूल. तेवढ्या ऊर्जेनं पाणी जेमतेम अडीच अंश तापेल, त्यामुळे हळद भाजली जाण्याची भीती नको. माल शेवटच्या पॅकिंगमध्ये, सील करूनच पाठवा. नंतर पिशवी उघडली की जंतू पुन्हा शिरतात आणि खर्च पाण्यात जातो. विकिरणानं ओल जात नाही, आणि बुरशीनं आधीच तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन हे विषही या मात्रेत नष्ट होतं असं धरू नका. म्हणून माल नीट वाळलेलाच हवा. खोक्याच्या कडेला मात्रा जास्त बसते, मधोमध कमी. प्रमाणपत्रावर किमान आणि कमाल असे दोन्ही आकडे मागून घ्या. नुसत्या सरासरीवर समाधान मानू नका. नवी मुंबईत वाशीला ब्रिटचं (अणुऊर्जा विभागाच्या विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचं) मसाल्यांसाठीचं विकिरण केंद्र 2000 सालापासून आहे.

प्रश्न : कोबाल्ट-60चं अर्धायुष्य 5.27 वर्षं. मग साडेदहा वर्षांत तो संपतो ना? तापवला तर लवकर संपेल का? (बारावी विज्ञान, कराड)

उत्तर : नाही. अर्धायुष्य म्हणजे असलेल्यातली निम्मी केंद्रकं फुटायला लागणारा काळ, म्हणून साडेदहा वर्षांनी पाव हिस्सा उरतो. केंद्रकाला वय नसतं. काल तयार झालेलं असो की दहा वर्षांपूर्वीचं, पुढच्या सेकंदात फुटण्याची शक्यता दोघांची सारखीच. म्हणून प्रत्येक वेळी उरलेल्यातलं निम्मं जातं, आणि दहा अर्धायुष्यांनंतरही 1024वा भाग शिल्लक असतो. वर्षाला घट 12.3 टक्के येते. विकिरण केंद्रात याचा रोजचा हिशेब असतो : आज ज्या मात्रेला एक तास लागतो, तिला नवा कोबाल्ट न भरल्यास 5.27 वर्षांनी दोन तास लागतील, म्हणून खोकी वाहणारा पट्टा हळू करत न्यावा लागतो. तापवून काही साधत नाही. हजार अंशांवर अणूला उष्णतेतून मिळते ती ऊर्जा एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि केंद्रकातले व्यवहार चालतात लाखो इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये.