प्राणी, गजानन आणि बियातला दम

यवतमाळकडच्या एका खेड्यातल्या शिक्षिकेनं विचारलं आहे: सहावीला 'सजीवांची लक्षणे' शिकवताना एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, ज्याच्यात प्राण असते तो प्राणी ना? मंग झाडातबी प्राण असते, तं झाड प्राणी काऊन नाही?" बाईंचा स्वतःचाही एक प्रश्न आहे. 'सजीव प्राणी' असं लिहिणं चालतं, की ती द्विरुक्ती?

मुलीचा प्रश्न अव्वल आहे. त्याला "पुस्तकात तसंच दिलं आहे" हे उत्तर कोणीही देऊ नये.

जीव, जीवन, सजीव यांचे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही. थेट 'प्राणी'कडे येतो. 'प्राण' या शब्दात 'प्र' हा उपसर्ग आहे आणि 'अन्' हा धातू. अन् म्हणजे श्वास घेणं. प्र मधल्या र मुळे न चा ण झाला, एवढंच. पंचप्राणांतले अपान, व्यान, उदान, समान हे बाकीचे चार वायूही याच अन् चे. 'अनिल' म्हणजे वारा, तोही याच घरचा. हा धातू आपल्यापुरता नाही. लॅटिनमध्ये 'ॲनिमा' म्हणजे श्वास, प्राण, आणि त्यावरून 'ॲनिमल'. ग्रीकमध्ये वारा म्हणजे 'ॲनेमॉस', म्हणून वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र ॲनिमोमीटर. तेव्हा 'प्राणी' हे 'ॲनिमल'चं भाषांतर आहे असं जे सांगतात, ते साफ चुकतात. दोन्ही शब्द एकाच मुळाचे, आपापल्या भाषेत स्वतंत्रपणे वाढलेले, आणि दोघांचा अर्थ एकच: श्वास घेणारा.

आता मला सर्वात आवडतं ते सांगतो. 'आनन' म्हणजे तोंड, चेहरा. हा शब्दही अन् वरूनच आला. ज्यानं श्वास घेतात ते आनन. मग आपल्याकडे, शेगावच्या पुण्याईनं, घरटी एक तरी गजानन असतो, त्याच्या नावात काय आहे पाहा. गज अधिक आनन. शब्दाच्या मुळाशी जाऊन वाचलं तर 'हत्तीचं श्वास घेण्याचं अंग ज्याला आहे तो'. हत्तीची सोंड म्हणजे नाक आणि वरचा ओठ मिळून झालेला अवयव, आणि हत्ती खोल पाण्यातून जाताना तीच वर काढून श्वास घेतो. म्हणजे प्राणी, ॲनिमल, अनिल आणि आपल्या गल्लीतला गजाननभाऊ, सगळे एका धातूचे! हे वर्गात सांगा. मुलं जन्मभर विसरणार नाहीत.

बरं, झाड बाहेर का राहिलं? कारण शब्द पडला तो डोळ्यांना दिसलं त्यावरून. गाईची कूस हलते, निजलेल्या माणसाची छाती हलते, हिवाळ्यात बैलाच्या नाकातून वाफ निघते. झाडाचं असं काही हलताना दिसत नाही. पण म्हणून जुन्या लोकांनी झाडाला निर्जीव मानलं नव्हतं. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात वनस्पतींना 'अंतःसंज्ञ' म्हटलं आहे, आतून जाणीव असलेल्या, सुखदुःख असलेल्या. जैन मतात झाड हा एकेंद्रिय जीव आहे. त्यामुळे वृक्षारोपणाच्या प्रत्येक भाषणात "झाडांना जीव असतो हा शोध जगदीशचंद्र बोस यांनी लावला" हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. झाडाला जीव असतो हे कोणत्या शेतकऱ्याला ठाऊक नव्हतं? बोस यांचं काम त्याहून कितीतरी अवघड होतं. डिवचल्यावर, तापवल्यावर, विष दिल्यावर वनस्पती विजेच्या रूपानं कसा प्रतिसाद देते, ते त्यांनी यंत्रावर मोजून दाखवलं. 1902 च्या त्यांच्या ग्रंथात तर निर्जीव धातूंच्या प्रतिसादाच्याही नोंदी आहेत. एवढ्या मोठ्या माणसाच्या नावावर असं गुळगुळीत वाक्य खपवू नये.

त्याच भाषणांतलं दुसरं वाक्य: "झाडं दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात आणि रात्री श्वास घेतात." चूक. झाडाचं श्वसन चोवीस तास चालू असतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणात तयार होणारा ऑक्सिजन त्याहून पुष्कळ जास्त असतो, म्हणून श्वसन झाकलं जातं, थांबत नाही. पानाला पर्णरंध्रं आहेत, खोडाच्या सालीत बारीक छिद्रं आहेत, आणि मुळ्यांना मातीच्या पोकळ्यांतली हवा लागते. काळ्या कन्हारीत, म्हणजे भारी जमिनीत, आठ दिवस पाणी साचलं की पऱ्हाटी (कपाशी) पिवळी पडते, ती तहानेनं नव्हे. मुळ्या गुदमरतात. आपण वाफसा येण्याची वाट पाहतो, तेव्हा मातीत पाण्याच्या जोडीला हवा परत शिरण्याचीच वाट पाहत असतो.

या घोळाचं खापर मी मुलांवर फोडत नाही. ते परिभाषा घडवणाऱ्यांवर फोडतो. श्वस् हा सुंदर धातू. 'आश्वासन' म्हणजे मूळचं सुस्कारा टाकता येणं, 'विश्वास' म्हणजे मोकळा श्वास घेता यावा असं मन, 'उसासा' म्हणजे उच्छ्वास. 'उसंत'ही मी याच रांगेत बसवतो. अशा शब्दावरून त्यांनी छातीच्या हालचालीला 'श्वासोच्छ्वास' म्हटलं आणि पेशीच्या आत अन्न जाळून ऊर्जा काढण्याच्या क्रियेला 'श्वसन'. एक क्रिया फुप्फुसांतली, दुसरी पेशीतल्या तंतुकणिकांतली, आणि नावं मात्र सख्ख्या भावांसारखी. मुलं गोंधळणार नाहीत तर काय करतील? इंग्रजीतही हीच अडचण आहे, असा बचाव मला कोणी ऐकवू नये. त्यांनी खड्डा ठेवला म्हणून आपण त्यात पडायचं कारण नव्हतं.

'श्वसन' समजावायला आपल्याकडे एक तयार शब्द आहे: दम. मूळ फारसी, अर्थ श्वास. 'एकदम' म्हणजे एका श्वासात. दमा, दम लागणं, दम धरणं, सगळे तिथलेच. ('दमणे' मात्र माझ्या मते यातलं नाही. ते संस्कृत दम् म्हणजे काबूत आणणं, वठणीवर आणणं, त्यावरून आलं. या दोघांची मोट बांधणाऱ्यांनी गोऱ्हा पहिल्यांदा नांगराला जुंपताना पाहावा.) आता शेतकरी काय म्हणतो ऐका: "या बियात दम नाही." भाषाशुद्धीवाले म्हणतील, दम म्हणजे इथे नुसती ताकद, अलंकारिक वापर, आणि शब्दही परका. मला हे मुळीच पटत नाही. बियातला दम हा अक्षरशः श्वसनाचाच दम आहे.

पुरावा देतो. बीज परीक्षणात टेट्राझोलियम नावाची चाचणी असते. भिजवलेलं बी चिरून एका रंगहीन द्रावणात ठेवतात. जिवंत भागातली श्वसनाची विकरं (एन्झाइम) त्या द्रावणावर काम करतात आणि तो भाग लाल होतो. मेलेला भाग पांढराच राहतो. प्रयोगशाळेत मोजतात ती गोष्ट आणि बांधावर उभ्या माणसाच्या तोंडी असलेला 'दम', यांत मला काडीचा फरक दिसत नाही.

घरचा पुरावाही आहे. एका वर्षी आमचं सोयाबीन काढणीच्या पावसात सापडलं, आणि बाबांनी घाईनं ओलसरच पोत्यांत भरलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पोत्यात हात घालायला लावला. वरचे दाणे गार. कोपरापर्यंत हात गेला तर आत ऊब, नुकत्या उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी. बाहेर काढला तेव्हा मनगटाला घाम सुटल्यासारखी ओल. दाण्यांचं आणि त्यांच्यावर चढू लागलेल्या बुरशीचं श्वसन जोरात चाललं होतं, त्याचीच ती उष्णता. बाबा एवढंच म्हणाले, "माल तापला." पोतं तसंच राहतं तर पेरणीला कामाचं उरलं नसतं.

मोहफुलाचा सडवा, म्हणजे दारूसाठी भिजत घातलेली फुलं, फसफसतो तेही हेच, फक्त तिथे किण्व (यीस्ट) ऑक्सिजनशिवाय काम भागवतं. पुस्तकात त्याला विनॉक्सिश्वसन म्हणतात. तिथे तर छातीही नाही, नाकही नाही, हवाही नाही, तरी दम आहे.

तेव्हा त्या मुलीला सांगा: तुझं बरोबर आहे. धातूचा अर्थ धरला तर झाडही प्राणी ठरतं. शास्त्रानं मात्र तो शब्द एका गटापुरता राखून ठेवला. जो आपलं अन्न स्वतः बनवत नाही, दुसऱ्याला खाऊन जगतो, ज्याच्या पेशीला भित्तिका नसते, असा बहुपेशीय सजीव तो प्राणी. मग तिच्याकडून सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या बारदान्यात गुंडाळून ठेवून घ्या, रोज पाणी शिंपडा, सहाव्या दिवशी मोजा. सत्तरच्या वर उगवले तर बियाणं पेरणीजोगं, हा नेम तिच्या घरीही ठाऊक असेल. भिजवण्याच्या आदल्या दिवशी खड्यासारखा दिसणारा दाणा सजीव होता की निर्जीव, यावर वर्गात भांडण होऊ द्या.

'सजीव प्राणी' राहिलंच. द्विरुक्ती आहे, लिहू नका, कारण प्राणी सजीवच असतो. 'जिवंत प्राणी' मात्र चालतं, कारण 'सजीव' हा गट आहे, त्याच्या समोर 'निर्जीव'. 'जिवंत' ही अवस्था आहे, तिच्यासमोर 'मेलेला'. पोळ्याच्या आदल्या दिवशी मेलेला बैल सजीवांतलाच, पण जिवंत नाही. म्हणूनच विहिरीला जिवंत झरा असतो, कुंपणात जिवंत तार असते, पोलिसांना जिवंत काडतूस सापडतं, 2025 साली मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला राज्यभर जिवंत सातबाराची मोहीम निघाली. यातल्या एकाही जागी 'सजीव' बसवून पाहा, बसत नाही.