वैताग देणारं कोण, ते आधी ठरव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

'आय अॅम इरिटेटिंग ऑन द शिफ्ट टायमिंग' असं तू वरिष्ठांना लिहिलंस, ते हसले, आणि आता तू मला विचारतेस की व्याकरणाचं कोणतं पुस्तक आणू. एकही आणू नकोस. एक सवय लाव. इंग्रजी क्रियापदाला हात लावण्याआधी स्वतःला विचार: हे करतंय कोण आणि होतंय कुणाला?

'आय अॅम इरिटेटिंग' हे वाक्य इंग्रजीत अगदी शुद्ध आहे, तिथेच घात झाला. त्याचा अर्थ होतो, मी लोकांना वैताग आणते. अगं, वैताग आणतेय ती शिफ्ट, वैतागलेली आहेस तू! शिफ्ट 'इरिटेटिंग', तू 'इरिटेटेड'. डोळ्यांचंही तेच. 'माय आइज आर इरिटेटिंग' असं शिकलेली माणसं डॉक्टरांना सांगतात. डोळे कुणाला छळत नाहीत, धूर डोळ्यांना छळतो. म्हणून 'स्मोक इरिटेट्स द आइज'. करतंय कोण, होतंय कुणाला.

ही गफलत तुझ्या मठ्ठपणाची नाही, तेव्हा आधी ते रडगाणं थांबव. आपण 'मला राग येतो', 'मला कंटाळा येतो' म्हणतो. येतो तो राग, आपण नुसते 'मला' होऊन बाजूला उभे. त्याच चालीवर हल्ली सगळे 'मला इरिटेट होतं' म्हणतात. मराठीत बोलताना खुशाल म्हण, माझी काही हरकत नाही. पण तीच चाल इंग्रजीत नेलीस की त्रास देणारा वाक्यातून गायब होतो, आणि या क्रियापदाला तर तोच आधी लागतो. तुझा तो 'ऑन'ही 'माझ्यावर चिडला'मधला 'वर' आहे. माणसावर चिडलीस तर 'विथ' किंवा 'अॅट' लिही, एखाद्या गोष्टीने वैतागलीस तर 'बाय'. घडणारा प्रकारच सांगायचा असेल तर 'इट इरिटेट्स मी व्हेन' म्हणून पुढे जा.

तू रसायनांच्या कारखान्यात आहेस, म्हणून हा शब्द तुला माझ्यापेक्षा चांगला कळायला हवा. ड्रमवरचं लेबल वाच. उद्गारचिन्हाच्या लाल चौकटीजवळ 'कॉजेस स्किन इरिटेशन' लिहिलेलं असतं, धोक्याच्या त्या सूचनेचा कोड एच ३१५. डोळ्यांचा एच ३१९. एच ३१४ मात्र वेगळा, त्यावर हात आणि धातू खाणारा थेंब दाखवतात, कारण ते रसायन कातडी जाळतं. फरक काय? इरिटेशनमध्ये कातडी लाल होते, खाजते, पण काही दिवसांनी पूर्ववत होते. एच ३१४ चं नुकसान तसं भरून येत नाही. माणसांच्या बाबतीतही 'इरिटेट'ची ताकद एवढीच. गळका नळ, शेजारच्या टेबलावर सतत वाजणारा फोन, न सांगता बदललेली शिफ्ट. चारचौघांत कुणी तुझा अपमान केला तर 'इरिटेटेड' लिहू नकोस. तिथे 'ह्युमिलिएटेड' लिही आणि घाबरू नकोस.

१७५२ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनला आल्ब्रेख्त फॉन हालर या शरीरशास्त्रज्ञाने स्नायूंच्या ज्या गुणाबद्दल व्याख्यानं दिली, त्याचं नावही याच शब्दाच्या कुळातलं, 'इरिटॅबिलिटी'. बाहेरून काही टोचलं की स्नायू आकसतो. टोचणारं काहीतरी आहे, आणि टोचलं जाणारं वेगळं आहे. शरीरशास्त्रातही हिशोब तोच, करतंय कोण, होतंय कुणाला.

मी शिकवत होतो तेव्हा समानार्थी शब्दांच्या छापील वहीत 'इरिटेट', 'अॅग्रव्हेट' आणि 'इन्फ्लेम' एका ओळीत होते. एक आठव, बाकीचे दोन आपोआप आले, असं मुलांना सांगायचे. 'अॅग्रव्हेट' म्हणजे आधीच बिघडलेलं आणखी बिघडवणं. बोलताना इंग्रज माणूसही तो 'चिडवणे' या अर्थाने वापरतो, पण अहवालात तू वापरू नकोस. चुकीच्या मलमाने पुरळ वाढलं तर 'अॅग्रव्हेट', नव्या साबणाने हात चुरचुरले तर 'इरिटेट'. 'इन्फ्लेम'मध्ये आग आहे: सुजलेली, तापलेली जखम, किंवा भडकलेला जमाव. ती वही बंद व्हावी म्हणून मी भांडलो, आणि ती बंद न होताच निवृत्त झालो. ही खंत अजून जात नाही.

सहकारी म्हणायचे, अर्थ पोचला ना, मग झालं. नाही झालं! तुझा पोचला का? एका 'इंग'साठी मी वही परत करायचो, पालक तक्रार घेऊन यायचे, मुलं नाराज व्हायची. मी हटलो नाही, आणि त्याबद्दल आजही मला वाईट वाटत नाही. त्यातली काही मुलं आज पत्र लिहून आभार मानतात म्हणून नव्हे. मी बरोबर होतो म्हणून.

आता नवा मेल लिही, आणि त्यात 'इरिटेट' नकोच. वरिष्ठांना तुझा वैताग नको आहे, कारण हवं आहे. 'माय शिफ्ट वॉज चेंज्ड ट्वाइस लास्ट वीक विदाउट नोटिस' एवढं पुरे. यात बदलणाऱ्याचं नाव नाही, हे तू लगेच दाखवशील. बरोबर आहे, आणि ते मुद्दाम आहे. शिफ्ट कुणी बदलली हे तुला पक्कं माहीत आहे, फक्त साहेबांकडे बोट दाखवायचं नाही म्हणून ते नाव तू मागे ठेवलंस. नाव ठाऊक असून मागे ठेवणं वेगळं, आणि ठाऊकच नसणं वेगळं.

त्याखाली तुला कोणती वेळ जमते ते लिही. मसुदा पाठवण्याआधी माझ्याकडे धाड, आणि प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने कर्ता लिहून धाड. तो नसला तर मी वाचणार नाही.

तुझे,
सर