काडतुसं घरी भरायला लागणारं सामान गोव्यात बंदुकीच्या लायसनवर मिळतं का?

प्रश्न असा आहे: "माझ्याकडे 12 बोअरच्या छर्ऱ्याच्या बंदुकीचं लायसन आहे. तयार काडतुसं महाग पडतात. रिकामी काडतुसं घरी पुन्हा भरायची तर दारू, टोप्या (बार पेटवणाऱ्या), छर्रे आणि भरायचं यंत्र यांना वेगळं लायसन लागतं, की बंदुकीचं दाखवलं की पुरे? मी फोंड्याचा."

पुरत नाही. घाईत असाल तर इथेच थांबा. (गोव्यात दारूचं लायसन म्हटलं की लोकांना भलतंच आठवतं, पण आपण बंदुकीत भरायच्या काळ्या दारूबद्दल बोलतोय.)

थांबायचं नसेल तर आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेची गोष्ट ऐका. या एका विषयावर मी माझ्या चुलतभावाशी गेली काही वर्षं भांडतोय.

आम्ही सत्तरी तालुक्यातले. कुळागर (माड-पोफळीची बाग) आणि वर डोंगरात काजू. आजोबांची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासायची) बंदूक पोर्तुगीज काळातली. 1961 नंतर ती रीतसर आपल्या कायद्याखाली नोंदली गेली, शेतीच्या राखणीसाठी. तिच्या लायसनवर दारू, टोप्या आणि छर्रे असं स्पष्ट लिहिलेलं होतं. लिहिणारच, ठासणीच्या बंदुकीचा दारूगोळा तोच. पुढे बाबांनी ती बदलून एकनळी 12 बोअर घेतली. नव्या लायसनवर फक्त काडतुसं आली, अमुक इतकी. दारू आणि टोप्या हे शब्द गेले. घरात ते कुणी वाचलं नाही. बाबा आपले पितळी काडतुसं घेऊन, टेबलाला स्क्रूने आवळायचं ते हातयंत्र लावून, दर काजूच्या हंगामाआधी बार भरत बसायचे. आम्ही पोरं छर्रे मोजायचो. आईचा एकच नियम, चुलीच्या खोलीत नाही.

2019 च्या जानेवारीत बाबा गेले. बंदूक आम्ही आठवड्याच्या आत पोलीस स्टेशनात जमा केली, पावती घेतली. शस्त्र कायद्याचं कलम 21 तेच सांगतं, ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाविलंब जमा करा. मी स्वतःवर खूश होतो.

मग चवथीच्या आधी माळा साफ करताना ट्रंक निघाली. आत एक बरणीभर काळी पूड, टोप्यांचे दोन डबे, डालड्याच्या डब्यात छर्रे, पितळी रिकामी काडतुसं आणि ते यंत्र. काडतुसं मी मोजली, चव्वेचाळीस.

चुलतभाऊ मदतीला आला होता. त्याचं म्हापशात मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि जगातली प्रत्येक गोष्ट तो त्या काउंटरवरून बघतो. म्हणाला, "अरे, सुटे भाग म्हणजे गाडी नव्हे. मी पिस्टन विकतो त्याला आरसी बुक मागतं का कोण? बंदूक दिलीस ना, संपलं. हे किराणा सामान आहे. पूड म्हादईत टाक, बाकी भंगारवाल्याला दे." आणि वर, "पोलिसांत जाऊन सांगणार तो शहाणा नव्हे."

इथे नीट वाचा, कारण तुमचाही समज हाच दिसतोय. शस्त्र कायदा 1959, कलम 2. त्यात दारूगोळ्याची व्याख्या आहे आणि तिच्यात दारूगोळ्याचे भाग आणि दारूगोळा बनवायची यंत्रसामग्री हेही दारूगोळाच धरलेत. म्हणजे कायद्याच्या नजरेत ते लोखंडी हातयंत्र काडतुसाच्या जातीचं. मोटारसायकलचा नियम इथे चालत नाही. हे कलम मी भावाला आजवर चार वेळा व्हॉट्सॲपवर पाठवलंय. निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही.

मी पोलीस स्टेशनात गेलो. ट्रंक न घेता, एवढी अक्कल होती. ड्यूटीवरचा हवालदार म्हणाला, घेऊन ये. आतून साहेबांनी ऐकलं आणि ओरडले, काही आणू नको, हात लावू नको, आम्ही येतो. आले. दोन पंच हवे होते, एक शेजारचा आणि एक पाव द्यायला आलेला पोदेर. अर्ध्या तासात वाड्यावर बातमी, अमक्याच्या घरात बॉम्ब सापडला. आई ओट्यावर बसून प्रत्येकाला सांगत होती, बॉम्ब नाही, बार भरायची दारू. त्याने काही सुधारलं नाही. त्या यंत्राला काय म्हणायचं यावर पंचनामा पंधरा मिनिटं अडला, हवालदाराला तो चकलीचा सोऱ्या वाटला होता. शेवटी लिहिलं, "काडतुसे भरण्याचे हातयंत्र, नग 1". रिकामी काडतुसं, नग 43.

गुन्हा नोंद झाला नाही. साहेब सज्जन होते आणि मी स्वतः सांगायला गेलो होतो, एवढ्यावर निभावलं. पण पुढे वारस म्हणून बाबांची बंदूक माझ्या नावे करायचा अर्ज टाकला (शस्त्र नियम 2016 मध्ये वारसाला लायसन मागायची सोय आहे), तेव्हा "हे सामान बंदुकीबरोबर जमा का केले नाही" म्हणून लेखी खुलासा मागितला. मामलेदार, पोलीस, कलेक्टर, परत पोलीस अशी फाईल वीस महिने फिरली. भाऊ म्हणतो, बघ, नदीत टाकलं असतं तर खुलासा लागला नसता. यावर मी काय बोलू? दारू पाण्यात गेली असती, पण पितळ आणि यंत्र नदी पचवत नाही. कुणाच्या तरी जाळ्यात आलं असतं आणि गावात कुणाचं ते सगळ्यांना माहीत.

आता तुमचं. तुमचं लायसन उघडा. बोअर, काडतुसांचा प्रकार, एका वेळी किती बाळगायची, वर्षाला किती घ्यायची, हे त्यावर असतं. तेवढंच तुम्हाला दिलेलं आहे, तयार काडतुसं. विक्रेता प्रत्येक खरेदी लायसनवर आणि आपल्या रजिस्टरात चढवतो. दारू आणि टोप्यांची नोंदच नसेल तर शहाणा विक्रेता देणार नाही, आणि जो देईल त्याच्याकडून घेऊ नका. भरणं हे माझ्या मते कलम 5 मधलं उत्पादनच आहे, आणि त्याचं लायसन हा कारखानदाराचा रस्ता आहे, हौशी माणसाचा नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 5 मोडल्याची शिक्षा किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. नुसतं विनापरवाना बाळगलं तरी दोन ते पाच वर्षं. काडतुसामागे चार पैसे वाचवायला एवढा जुगार कोण खेळतो?

नेमबाजीसाठी हवं असेल तर राज्य रायफल संघटनेतून विचारा. खेळाडूंना काडतुसांची मर्यादा वेगळी असते. तरीही भरायचंच असेल तर आधी कलेक्टरकडे लेखी अर्ज, हातात लेखी उत्तर, मग खरेदी. तोंडी "चालतं" म्हणणारा कारकून पंचनाम्याला येत नाही.

आणि एक अगदी स्पष्ट सांगतो. जत्रेच्या दारूकामवाल्याकडून पूड घेणारे किंवा खडीच्या खाणीवरून सुरुंगाची दारू पैदा करणारे आमच्याकडेही होते. तिथे 1884 चा स्फोटक कायदाही लागतो. पण कायदा राहू द्या. ती दारू बंदुकीची नव्हे, नळी फुटते. आमच्या वाड्यावर डाव्या हाताला तीन बोटं असलेला एक म्हातारा होता, त्याला कुणी कायदा वाचून दाखवला नव्हता.

सत्तरी, सांगे, काणकोणवाले वाचत असाल तर अजून एक. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लायसनधारकाला वन्यजीव कायद्याच्या कलम 34 खाली वनखात्याकडेही नाव नोंदवावं लागतं. म्हादई अभयारण्य 1999 चं आहे, आमच्याकडे कित्येकांना अजून हे ठाऊक नाही. आणि राखणीचं लायसन म्हणजे रानडुक्कर मारायची परवानगी नव्हे, बार हवेत काढायचा. काजू डुकराने खाल्ले तर बघत बसायचं, हा अन्याय आहे असं माझं मत आहे, पण तो वेगळा प्रश्न.

मी वकील नाही, कुळागरवाला आहे. कलमं वाचून सांगितली, तुमच्या लायसनवर काय लिहिलंय ते मी पाहिलेलं नाही.

आणि खोटं बोलणार नाही, एका बाबतीत भाऊ थोडा बरोबर निघाला. कलम 45 मध्ये अशी सूट आहे की दारूगोळ्याचा किरकोळ भाग, जो जोडीच्या दुसऱ्या भागांबरोबर वापरायचा हेतूच नाही, त्याला हा कायदा लागत नाही. हे मला त्यानेच दाखवलं, तेही दोन वर्षांनी, चव्वेचाळीस आणि त्रेचाळीसचा हिशेब मी विचारला तेव्हा. चव्वेचाळिसावं काडतूस त्याच्या स्कूटरच्या किल्लीला आहे, बाबांची आठवण म्हणून भोक पाडून लावलेलं. मोपा विमानतळावर जाताना मात्र किल्ली बायकोकडे घरी ठेवतो.