बुद्धाचं साल नक्की कोणतं?

प्रश्न : बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचं साल एका पुस्तकात इ.स.पू. ५४४, दुसऱ्यात ४८३, तर तिसऱ्यात ‘४००च्या आसपास’ असं दिलंय. बुद्ध आणि सॉक्रेटिस समकालीन होते का, यावर निबंध लिहायचा आहे. कोणता आकडा धरू?

उत्तर : आकडा धरण्याआधी तो कुठून मोजलाय ते बघा. ५४४ हे थेरवादी, म्हणजे श्रीलंका-म्यानमारकडच्या बौद्ध परंपरेचं साल. भारतात १९५६ला २५००वी बुद्धजयंती झाली ती याच गणनेने, आणि बाबासाहेबांची नागपूरची धम्मदीक्षाही त्याच वर्षीची. पडताळून बघा : ५४४ आणि १९५६ची बेरीज बरोबर २५०० येते. ५४४ हे पहिलं वर्ष धरायचं, मग १९५६ हे २५००वं वर्ष; सरलेली वर्षं मात्र २४९९. इ.स.पू. १नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणून दोन काळांमधलं अंतर काढताना बेरजेतून एक वजा करावा लागतो. सर्वाधिक चुका इथेच होतात.

बाकी दोन्ही आकड्यांचा खुंटा अशोक आहे. त्याच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक, तुरमय, अंतिकिनि, मक, अलिकसुदर असे पाच ग्रीक राजे येतात. अंतियोक, म्हणजे दुसरा अँटिओकस, इ.स.पू. २६१मध्ये गादीवर आला. मक, म्हणजे सायरीनीचा मॅगस, २५०च्या सुमारास वारला. म्हणजे लेख या दोन सालांच्या मधला, आणि तो राज्याभिषेकानंतर सुमारे बारा-तेरा वर्षांनी कोरलेला; यावरून अशोकाचा राज्याभिषेक साधारण २६८चा ठरतो. श्रीलंकेतले पाली ग्रंथ तो निर्वाणानंतर २१८ वर्षांनी झाला म्हणतात : २६८ + २१८ = ४८६. राज्याभिषेक तीन वर्षं अलीकडे घेतला की ४८३. उत्तरेकडचे संस्कृत ग्रंथ मात्र शंभरच वर्षं सांगतात, म्हणजे ३६८. शंभर हा ढोबळ आकडा वाटतो, पण २१८ही निर्विवाद नाही. म्हणून आज बरेच अभ्यासक ४००च्या आसपास थांबतात.

सॉक्रेटिसचं तसं नाही. त्याचा मृत्यू ९५व्या ऑलिंपियाडच्या (ग्रीक कालगणनेतला चार वर्षांचा टप्पा) पहिल्या वर्षी नोंदलेला आहे. पहिलं ऑलिंपियाड ७७६चं, त्यातून ९४ × ४ = ३७६ वजा करा, ४०० उरतात. ग्रीक वर्ष उन्हाळ्यात सुरू होई, म्हणून ४००/३९९, खटला ३९९चा.

तेव्हा निबंधात ‘समकालीन होते’ असं सरळ लिहू नका. ४८३ धरलं तर सॉक्रेटिसचा जन्मही (सुमारे ४७०) व्हायचा होता. ४०० धरलं तर दोघं एकाच काळातले. दोन्ही शक्यता आधारासकट मांडा. परीक्षक तेच बघतो.

प्रश्न : प्लेटोच्या दोन भाषांतरांत पानं जुळत नाहीत. संदर्भ कसा द्यावा?

उत्तर : पान नको, समासातला आकडा द्या. तो प्लेटोच्या १५७८च्या स्टेफानुस आवृत्तीतल्या पानाचा असतो, म्हणून सगळीकडे तोच. गुहेचं रूपक ‘रिपब्लिक’ ५१४ए पासून. अॅरिस्टॉटलसाठी तसेच बेकरच्या आवृत्तीचे आकडे. समासात आकडे नसलेली आवृत्ती अभ्यासाला घेऊ नका.