सैनिकवाहू जहाजाची कामगिरी कशावरून ठरवायची? – ‘वेस्ट पॉइंट’चे उदाहरण

जे जहाज लढतच नाही, केवळ सैनिकांची ने-आण करते, त्याची युद्धातील कामगिरी यशस्वी होती की नाही हे कशावरून ठरवायचे, असा आपला प्रश्न आहे. अमेरिकी नौदलाच्या ‘वेस्ट पॉइंट’ या जहाजाच्या इतिहासाकडे मी अनेकदा वळतो, म्हणून त्याच्याच आधारे उत्तर देतो.

हे जहाज मुळात ‘अमेरिका’ नावाचे प्रवासी जहाज होते. व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथे ३१ ऑगस्ट १९३९ रोजी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचे जलावतरण झाले आणि दुसऱ्याच दिवशी युरोपात युद्ध पेटले. सुमारे बाराशे प्रवाशांसाठी बांधलेले हे जहाज जून १९४१ मध्ये नौदलाने ताब्यात घेतले. बाहेरून करडा रंग चढला, तोफा बसल्या. पण खरा बदल आत झाला. ऐसपैस केबिन आणि दिवाणखान्यांच्या जागी लोखंडी नळ्यांच्या चौकटींत ताणलेल्या कॅनव्हासच्या खाटा एकावर एक अशा रचल्या गेल्या आणि जहाजाची क्षमता आठ हजारांच्या पुढे गेली. पुढे एका फेरीत तर नऊ हजारांहून अधिक माणसे या जहाजाने वाहून नेली.

अशा जहाजाचे पहिले संरक्षण तोफा नव्हे, तर वेग. ताशी बावीस सागरी मैलांहून अधिक वेगाने नागमोडी मार्ग कापणाऱ्या जहाजावर नेम धरणे त्या काळच्या पाणबुडीला फार अवघड जात असे. म्हणूनच युद्धाच्या उत्तरार्धात ‘वेस्ट पॉइंट’ बहुतेक वेळा सोबतीला युद्धनौका न घेता एकटेच प्रवास करीत असे.

या जहाजाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण मुंबईशी जोडलेले आहे. १० नोव्हेंबर १९४१ रोजी, म्हणजे अमेरिका अद्याप युद्धात उतरलेली नसताना, ब्रिटनच्या १८व्या डिव्हिजनचे (अनेक ब्रिगेड मिळून बनलेल्या मोठ्या सैन्यदलाचे) सैनिक घेऊन अमेरिकी नौदलाच्या सहा सैनिकवाहू जहाजांचा ताफा कॅनडातील हॅलिफॅक्सहून निघाला. त्यात ‘वेस्ट पॉइंट’ आणि ‘वेकफील्ड’ ही जहाजे होती. हे सैन्य मध्यपूर्वेकडे जायचे होते. परंतु ताफा केप टाउनला पोहोचण्याच्या सुमारास जपानने पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर हल्ला केला आणि सगळे बेत बदलले. एक ब्रिगेड दुसऱ्या जहाजाने मोंबासामार्गे थेट सिंगापूरकडे रवाना झाली, तर ताफ्यातील इतर जहाजे २७ डिसेंबरला मुंबई बंदरात दाखल झाली. तेथे उतरलेल्या काही पलटणींनी अहमदनगरच्या छावणीत काही आठवडे सराव केला. कित्येक आठवडे समुद्रावर अवघडून बसलेल्या माणसांना पाय मोकळे करण्यासाठी एवढाच काय तो अवधी मिळाला.

जानेवारीच्या अखेरीस हेच सैनिक पुन्हा जहाजांवर चढले आणि २९ तारखेला सिंगापूरला उतरले. दुसऱ्या दिवशी तिथल्या केपेल बंदरात जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. ‘वेकफील्ड’च्या रुग्णकक्षावर एक बॉम्ब पडून पाच जण मृत्युमुखी पडले, ‘वेस्ट पॉइंट’ जवळच होते, पण थोडक्यात वाचले. त्याच हल्ल्याच्या सावटाखाली नौदल अधिकाऱ्यांची कुटुंबे, नागरिक आणि इतर मिळून १,२७६ जणांना घेऊन ते जहाज त्या बंदरातून बाहेर पडले.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले. ज्या डिव्हिजनला या जहाजांनी एवढ्या कसोशीने, अर्ध्या जगाला वळसा घालून, जागेवर पोहोचवले होते, ती तीन आठवड्यांच्या आत बंदिवासात गेली आणि त्यांतील असंख्य सैनिक पुढे जपान्यांनी युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेल्या सयाम (थायलंड)-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर राबवले गेले. नौदलाच्या नोंदीत ही फेरी यशस्वीच ठरते आणि ते चूकही नाही, कारण कुठे जायचे हे जहाजाचा कप्तान ठरवीत नाही. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की उतरवलेल्या माणसांचे पुढे काय झाले हे न सांगणारा जहाजाचा इतिहास अर्धवट असतो.

म्हणून मी तीन गोष्टी पाहतो: किती माणसे नेली, त्यांतली किती सुखरूप उतरली, आणि परतीच्या फेरीत कोणाला आणले. या तिसऱ्या गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. सिंगापूरहून सुटलेली ती १,२७६ माणसे, नंतर सुएझहून ॲडलेडला मायदेशी पोहोचवलेले ऑस्ट्रेलियन सैनिक, १९४५ मध्ये युरोपातून घरी परतलेले अमेरिकी जवान, हे सगळे याच हिशेबात मोडतात. एकूण साडेतीन लाखांहून अधिक माणसांची वाहतूक करून २८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘वेस्ट पॉइंट’ नौदलाच्या सेवेतून मुक्त झाले.

त्यानंतर ते पुन्हा ‘अमेरिका’ या नावाने प्रवासी वाहतुकीत आले आणि १९६४ नंतर ‘ऑस्ट्रेलिस’ म्हणून स्थलांतरितांना ऑस्ट्रेलियाला नेऊ लागले. तरंगते हॉटेल करण्यासाठी थायलंडकडे ओढत नेले जात असताना जानेवारी १९९४ मध्ये वादळात दोर तुटून ते कॅनरी बेटांपैकी फुएर्तेव्हेंतुराच्या किनाऱ्यावर आदळले आणि दुभंगले.