पुण्यात बोन्साय क्लबमध्ये जाऊन खरंच काही मिळतं का, की व्हिडिओ पाहून घरीच शिकावं?

तुम्ही लिहिलंय की वर्षभर व्हिडिओ पाहताय, दोन झाडं गेली, एक नांद्रुक (वडाच्या जातकुळीतलं झाड) तगलंय, आणि क्लबमध्ये सगळे जाणकार असतील म्हणून जायला संकोच वाटतो. जा, आणि या पावसाळ्याच्या आत जा. सहकारनगरच्या बाजूला लोकांच्या गच्च्यांवर भरणाऱ्या एका छोट्या गटात मी अकरा वर्षं जातोय, त्या अनुभवावरून सांगतो.

माझंही पहिलं झाड व्हिडिओ पाहूनच गेलं. उंबर होता, छान बुंधा धरलेला. ‘वसंतात कुंडी बदला’ असं त्यात सांगितलं होतं म्हणून मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुळं कापली, त्याच दिवशी फांद्याही छाटल्या आणि झाड गच्चीवर ठेवून दिलं. ज्या देशातला तो व्हिडिओ होता तिथे वसंत म्हणजे बर्फ वितळल्यानंतरचे गार दिवस. आपल्याकडे तेव्हा पारा चाळिशीकडे निघालेला असतो. पंधरा दिवसांत उंबर वाळला. गटात पहिल्यांदा गेलो तेव्हा एका मावशींनी एवढंच विचारलं, “केलं कधी?” मग त्यांनी सांगितलं की वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांची मुळं पाऊस नीट लागला की कापायची. हवेत ओल असते, पानांतून पाणी कमी उडतं, आणि तुटक्या मुळांना नवी फूट येईपर्यंत झाड तग धरतं. हे ऐकल्यापासून त्या कारणाने माझं एकही झाड गेलेलं नाही.

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही जमतो. ज्याची गच्ची त्याच्याकडे चहा-पोहे. मधोमध फिरता पाट असतो, त्यावर प्रत्येकाने एकेक झाड ठेवायचं. झाड कोणाचं हे आधी सांगायचं नाही. सगळे ते फिरवून बघतात आणि ‘समोरची बाजू’ कोणती ते ठरवतात. यावर तासतासभर वाद होतो. स्वतःचं झाड आपण रोज एकाच बाजूने पाहतो, त्यामुळे ते दिसायचंच थांबतं. माझ्या चिंचेचं तोंड मी तीन वर्षं भिंतीकडे करून ठेवलं होतं. मुळांचा सुंदर पसारा मागच्या बाजूला होता, आणि तो दाखवला कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने.

फांदीला हवा तो आकार देण्यासाठी तार बांधणं हे तर शेजारी बसूनच शिकावं लागतं. तार फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश हवी, वेढे पंचेचाळीस अंशांत हवेत, हे व्हिडिओत कळतं. पण फांदी किती वाकवली की कडकन मोडेल ते बोटांना कळावं लागतं, आणि त्यासाठी कुणीतरी तुमच्या बोटांवर बोटं ठेवून वाकवून दाखवावं लागतं. पावसाळ्यात वडाच्या जातकुळीतली झाडं इतक्या झपाट्याने जाड होतात की तार दीड-दोन महिन्यांत सालीत रुतू लागते. गटात कुणीतरी “तुझ्या नांद्रुकाची तार काढलीस का रे?” असं हमखास विचारतं. ती उलगडत बसू नका, कटरने तुकडे करून काढा.

बाकी वर्ष ठरलेलं असतं. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जगभर बोन्साय दिन असतो. आमच्याकडे त्याच सुमाराला माती चाळण्याचा कार्यक्रम होतो. जुन्या विटा फोडायच्या, तीन ते पाच मिलिमीटरचे तुकडे चाळणीने वेगळे करायचे, बारीक भुकटी टाकून द्यायची कारण ती पाणी धरून मुळं कुजवते. त्यात गांडूळखत, थोडं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. उघड्यावर धुळीत एकट्याने हे काम दोन दिवस चालेल, दहाजण बसले की दुपारपर्यंत उरकतं. उथळ कुंड्या आम्ही मुंढव्याच्या केशवनगरमधल्या कुंभारांकडून एकदम करून घेतो. तळाला दोन मोठी भोकं हवीत हे आधीच सांगावं लागतं.

वटपौर्णिमा आमच्यासाठी वेगळ्याच कारणाने महत्त्वाची. पूजेसाठी तोडलेल्या वडाच्या फांद्या दुसऱ्या दिवशी सोसायट्यांच्या कचऱ्यात पडलेल्या असतात, ते बघवत नाही. आम्ही सकाळी फिरून त्यातल्या अजून हिरव्या असलेल्या गोळा करतो, खालचं टोक ताजं कापतो आणि लावतो. वडाची फांदी पावसात लवकर मुळं धरते, अंगठ्याएवढी जाड असली तरी. आमच्यातल्या दोघीजणी तर आपले कुंडीतले वड शेजारणींना पूजेला देतात, म्हणजे तोडायची वेळच येत नाही. असं आणखी ठिकाणी व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आणि वाडे! पेठांमधला एखादा जुना वाडा पाडायचा असला की भिंतीच्या फटीत वाढलेले पिंपळ-उंबर त्याच्याबरोबर जाणार असतात. मालकाची परवानगी घेऊन, छिन्नी-हातोडी घेऊन आम्ही ते सोडवून आणतो. वर्षानुवर्षं चुन्यात अडकून वाकलेलं ते खोड नर्सरीत कधीच मिळत नाही. टेकड्यांवरून, सिंहगडाच्या वाटेवरून मात्र एकही रोप उपटायचं नाही, हा गटाचा नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला आम्ही परत बोलावत नाही.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, तिथे बोन्सायही मांडलेली असतात. झाड नेणार नसलात तरी बघायला जा. तिथे कुणीतरी हमखास विचारतं, हा झाडाचा छळ नाही का? मी त्यांना डाळिंबाचं झाड दाखवतो. पानं लहान होतात, पण फळ लहान होत नाही, फांदी पेलेल एवढंच एखादं ठेवावं लागतं. उपाशी झाड फुलतही नाही, फळतही नाही.

आता जी गोष्ट कुठलाच व्हिडिओ करू शकत नाही ती. उथळ कुंडीतल्या झाडाला एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी लागतं. एक दिवस चुकला तर वीस वर्षांचं झाड जातं. त्यामुळे गटात आल्यावर पहिली मिळते ती शेजारच्या सभासदाच्या गच्चीची किल्ली. माझ्या आईच्या आजारपणात मी महिनाभर साताऱ्याला होतो. परत आलो तेव्हा सगळी झाडं जिवंत होती आणि दारामागे चिठ्ठी होती: ‘चिंचेला पिठ्या ढेकूण दिसला, कडुनिंबाचं तेल फवारलंय, आठ दिवसांनी परत बघ.’

अमेरिकेतल्या नॅशनल आर्बोरेटममध्ये जपानी पांढऱ्या पाइनचं एक झाड आहे, १६२५ पासून कुंडीत वाढवलेलं. हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाने ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, १९४५ च्या बॉम्बमधून ते वाचलं आणि १९७६ साली त्यांनी ते भेट दिलं. मी याचा विचार खूप करतो, कारण आमच्या गटातले एक काका तीन वर्षांपूर्वी गेले. चौदा झाडं होती. मुलगा परदेशात, काकूंना कुंडी उचलवत नव्हती. त्यांच्या गच्चीवर आम्ही सगळे जमलो, काकूंनी प्रत्येकाच्या हातात एकेक झाड दिलं आणि कुठल्या झाडाला काय लागतं ते काकांच्या वहीतून वाचून दाखवलं. माझ्याकडे त्यांचा उंबर आला. गेल्या श्रावणात त्याच्या खोडावर पहिल्यांदा फळं लागली, तेव्हा कुंडी स्कूटरवर दोन पायांमध्ये धरून मी काकूंना दाखवायला घेऊन गेलो.

तुमचा तो तगलेला नांद्रुक पहिल्याच बैठकीला घेऊन या. काही कापू नका, तार बांधू नका, आहे तसा आणा. आणि जी दोन झाडं गेली ती कोणत्या महिन्यात गेली, ते आठवून ठेवा. मावशी पहिला प्रश्न तोच विचारतील.